बोटं दिसली पाहिजेत

शाळेतले सगळे शिक्षक तिला ताई म्हणत. मुलं म्हणत नसत, कारण ती शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची होती. मुलं कानाची पाळी चिमटीत धरून दोनदा ओढत, आणि ती खूण म्हणजे ताई. ही खूण तिच्या आईने ती तान्ही असतानाच ठेवलेली. झोप आली की पोर आपली पाळी ओढत बसे, म्हणून.

आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. आई शिवणकाम करायची, वडील पुस्तकबांधणी. त्यांच्या पोटी ही कान शाबूत असलेली मुलगी आली आणि तोंड चालायच्या आधीच तिचे हात चालू लागले. पाचव्या वर्षी ती घरातली दुभाषी झाली. डॉक्टर, दुकानदार, घरमालक, सगळ्यांशी आईच्या वतीने तीच बोलायची. एकदा घरमालक दारात उभा राहून म्हणाला, "तुझ्या आईला विचार, चारचौघांत हे माकडासारखे हातवारे कशाला करते?" पोरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा घरमालकाकडे. मग म्हणाली, "आई म्हणते, मोरीचा नळ तीन आठवडे गळतोय, तो आधी बघा." आईने यातलं अक्षरही म्हटलं नव्हतं. नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला.

मोठी झाल्यावर ती आई शिकली त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. आईच्या वेळी तिथे खुणांना बंदी होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानेच बोलायचं. हात उचललेला दिसला की पेरांवर पट्टी बसे. वर शिक्षा म्हणून तासभर स्वतःच्याच हातांवर बसावं लागे, तळवे मांड्यांखाली दाबून. तरीही त्या मुलामुलींनी न्हाणीघरात, जिन्याखाली, कपडे वाळत घालायच्या गच्चीवर आपली आपली भाषा घडवली. ती कुणी शिकवलेली नव्हती आणि कुठल्या पुस्तकातही नव्हती. त्या पिढीतली आता सात माणसं उरली होती, सगळी सत्तरीच्या पुढची.

वडील वारले तेव्हा ताईच्या हे पहिल्यांदा नीट ध्यानात आलं. महिनाभराने मायलेकी बोलत बसल्या होत्या. वडील गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" सांगायचे ती खूण आईने करून दाखवली. ताई म्हणाली, अशी नव्हे, अंगठा आत असायचा. आई म्हणाली, बाहेर. दोघींनी चार-चारदा करून पाहिलं. आता विचारायचं कुणाला? चाळीस वर्षं रोज वापरलेला शब्द चार आठवड्यांत संशयात पडला होता.

पुढच्याच रविवारी ताई शाळेच्या कपाटातला जुना कॅमेरा घेऊन आईकडे गेली. खिडकीपाशी आईला बसवलं आणि तासभर चित्रण केलं. चहा झाल्यावर दोघी ते बघायला बसल्या. आईने दोन मिनिटं पाहिलं, मग ताईच्या दंडाला हात लावून विचारलं, "मी अशी बोबडी बोलते?"

ताईने पुन्हा पाहिलं. आईचा चेहरा ओळखू येत होता, कपड्यांचा रंगही बरा होता. पण हात हलला की बोटांच्या जागी करडा फराटा. सुई ओवण्याची खूण आणि मिरची खुडण्याची खूण, दोन्ही सारख्याच दिसत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई बोलायला लागली की समोरच्या बहिऱ्या माणसाने डोळे मिटू नयेत, इतके तिचे हात स्वच्छ. आणि इथे तिची बोबडी वळलेली.

"तू नाही," ताई म्हणाली, "हा डबा."

बाजाराच्या टोकाला कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. ताईने त्याच्यापुढे ते चित्रण ठेवलं. त्याने भिंगाचा चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि विचारलं, "खोलीत उजेड किती?"

"एक खिडकी. दिवा लावता येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईला झगझगीत दिवा सोसत नाही."

"मग बरोबर आहे. उजेड कमी पडला की कॅमेरा पापणी, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडी ठेवतो. तेवढ्यात बोट हललं की चित्र पुसलं गेलं." त्याने टेबलावरचे दोन उघडे कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. एकाच्या आतली चकती मसुराएवढी, दुसऱ्याची अंगठ्याच्या नखाएवढी. "हा सेन्सर. चित्र याच्यावर पडतं. हा मोठा हवा. पुढची काच रुंद हवी. म्हणजे थोड्या उजेडातही भागतं. खोक्यावरचे मेगापिक्सेल फोटोसाठी, व्हिडिओत त्यातले बरेचसे वापरलेच जात नाहीत. आणि डिजिटल झूम म्हणजे चित्र कापून ताणायचं, सदरा घट्ट होतो म्हणून ओढून मोठा करतात तसं."

"आणखी?"

"सेकंदाला पन्नास-साठ चित्रं घेणारा बघा. चित्र साठवताना फार चेपणारा नको. आणि ताई, दुकानातल्या दिव्याखाली सगळेच कॅमेरे देखणे. अंधाऱ्या खोलीत नेऊन बघा."

त्या सात जणांच्या खुणा टिपून ठेवायला ताईने शाळेकडे नव्या कॅमेऱ्यासाठी अर्ज केला. मुख्याध्यापक पंचेचाळिशीचे, नीटनेटके, मनाने वाईट नव्हेत. त्यांच्या काळात वर्गात खुणांना परवानगी मिळाली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी एक देणगीदार गाठला आणि पंधरा दिवसांत ताईला बोलावून एक रंगीत पत्रक पुढे सरकवलं.

"अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल, चारशेपट झूम," ते म्हणाले. "स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून पोरांच्या नाकावरची माशी दिसेल. वापरणार तुम्ही, म्हणून मागणीपत्रावर सही तुमची लागेल."

"आधी वापरून बघते, सर."

"त्यात काय बघायचं? आकडे समोर आहेत."

"आकडे वाचायचे नाहीत मला. बोटं वाचायची आहेत."

सर हसले. ताईने पत्रकाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि कागद बिनसहीचाच ठेवून बाहेर पडली.

शनिवारी दुपारी ती दुकानात गेली ती फौजफाटा घेऊन. बरोबर आई आणि खिळेकाका. काका आईच्या वर्गातले, जन्मभर छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेले, त्यावरूनच हे नाव. एक्याऐंशी वर्षांचे, ताठ, आणि जिभेऐवजी हातांनी फटकळ. दुकानभर पांढरे दिवे, काचेचं काउंटर, भिंतीवर मोठा टीव्ही. दुकानदाराने एक हात गालावर धरूनच तिघांचं आधी हसून स्वागत केलं. "तुमच्या मागच्या गोदामाच्या खोलीत कॅमेरे नेऊन बघायचेत" हे ऐकल्यावर त्याचं हसू आटलं.

"तिथे काय बघणार? तिथे अंधार आहे."

"म्हणूनच," ताई म्हणाली.

तिने घरीच सगळं ठरवून आणलं होतं. काकांनी वाक्यं आधी कागदावर लिहून कागद ताईच्या हाती दिला होता. काका गोदामात खोक्यांच्या मधे, वरच्या झरोक्याच्या उजेडात उभे राहणार आणि ती वाक्यं हातांनी बोलणार. आई बाहेर, गोदामाकडे पाठ करून टीव्हीसमोर बसणार आणि दिसेल ते लिहून काढणार. मग दोन कागद शेजारी ठेवायचे. परीक्षा कॅमेऱ्याची, पण पेपर आई लिहिणार.

पहिला कॅमेरा सरांच्या पत्रकातला. काका म्हणाले, "मंगळवारी दोरा संपला, म्हणून सदरा राहिला." आईने लिहिलं, "मंगळवारी", मग प्रश्नचिन्ह, मग "सदरा भिजला", मग आणखी दोन प्रश्नचिन्हं, आणि पेन खाली ठेवलं. ताईने झूम वाढवून पाहिला. काकांचे हात चौकटीचौकटींचे झाले, जाड सुताने विणल्यासारखे.

"अहो, एवढा खपतो हा," दुकानदार म्हणाला. "आजवर कुणी तक्रार केली नाही."

"कुणी याच्यातून बोलणं वाचलं नसेल."

दुसरा दिसायला छानच होता, चपटा आणि चकचकीत. रंग असे की काकांचा विटका सदरा नवा वाटावा. बोटंही बरी दिसत होती. आईने भराभर लिहिलं आणि कागद पुढे केला. "तुझा मुलगा आला." ताईने काकांचा कागद उघडला. तिथे होतं, "तुझा मुलगा आला का?"

ती परत टीव्हीपाशी गेली. कॅमेऱ्याने अंधारातले ठिपके झाकायला सगळा चेहरा मेणासारखा गुळगुळीत करून टाकला होता. काकांच्या पांढऱ्या भुवया त्यात विरघळून गेल्या होत्या. आणि प्रश्न तर भुवयांत असतो. भुवया वर गेल्या तर विचारलं, नाही गेल्या तर सांगितलं.

"हाही नको," ताई म्हणाली.

"आता भुवयाही पाहिजेत तुम्हाला?"

"हो. दोन्ही."

दुकानदाराने गालाला हात लावून सुस्कारा टाकला. चार गिऱ्हाइकं टीव्हीसमोर जमली होती आणि या म्हाताऱ्या बाईचा पेपर बघत होती. मग तो स्टुलावर चढला आणि अगदी वरच्या फळीवरून धुळीचं खोकं काढलं. "हा दोन वर्षांपूर्वीचा. कुणी घेत नाही. ओबडधोबड आहे, झूम जेमतेम दहापट, बॅटरी पाऊण तासात मान टाकते. सेन्सर आणि काच मात्र मोठी आहे."

विटेसारखा काळा ठोकळा, पुढे कपाएवढी काच. ताईने मिस्त्रीने शिकवल्याप्रमाणे ऑटोमॅटिक बंद केलं, पापणीचा वेग सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर बांधून टाकला आणि आत जाऊन काकांना खूण केली. काका तीनदा उभे राहून कंटाळले होते. त्यांनी कागदावरचं वाक्य बाजूला ठेवलं आणि मनातलं बोलले.

बाहेर आई लिहिता लिहिता थांबली आणि खांदे हलवून हसू लागली. डोळ्यांना पदर लावला, परत टीव्हीकडे पाहिलं, परत हसली.

"काय म्हणाले ते?" दुकानदाराने विचारलं.

ताईने आईचा कागद वाचला, मग काकांना विचारून खात्री केली. अक्षरन् अक्षर बरोबर होतं. "ते म्हणतात, या माणसाची दाढ दुखतेय आणि राग मात्र तो आपल्यावर काढतोय. आधी दाढ उपट म्हणावं."

दुकानदाराचा हात आपोआप गालावर गेला. "तीन दिवस झाले," तो म्हणाला. "घरी कुणाला सांगितलं नाही." मग काकांकडे पाहून त्याने मान हलवली आणि आतून दोन खुर्च्या मागवल्या. त्यानंतर त्याचं बोलणं सरळ झालं. काळा ठोकळा परत खोक्यात ठेवता ठेवता तो प्रामाणिकपणे म्हणाला, "एक सांगून ठेवतो, याचा आवाज काही खास येत नाही."

ताई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसली. तिने ते आईला आणि काकांना सांगितलं. मग तिघंही हसली, आणि काय झालं ते दुकानदाराला जरा उशिराच कळलं.

सोमवारी तिने तिन्ही पेपर सरांच्या टेबलावर मांडले. सरांनी ते पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"ताई, तुमची आई आता वयस्कर आहे. ऑपरेशनही झालंय. तिला वाचता आलं नसेल, त्याला कॅमेरा काय करणार?"

"तिसऱ्यातून आलं की. तेच डोळे होते."

"मेगापिक्सेल वीस, म्हणजे अर्ध्याहून कमी. मॉडेल जुनं. देणगीदाराला मी काय दाखवू, ही वीट? त्यांना संमेलन मागच्या रांगेतून हवंय."

"मग संमेलनासाठी घ्या. माझ्या कामासाठी घेतला असं लिहू नका."

"हात तर दिसतातच ना त्यात?"

"दिसतात. तुम्हाला एखादं पुस्तक दिलं आणि ओळी दिसतात पण अक्षरं लागत नाहीत, तर तुम्ही ते शाळेसाठी घ्याल?"

सरांनी मागणीपत्र पुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "सही करा, ताई. एवढ्या तेवढ्यासाठी वाकडेपणा बरा नव्हे. पुढच्या वर्षी तुमच्यासाठी दुसरा बघू."

"सात माणसं आहेत सर, लहानातलं लहान त्र्याहत्तरचं. पुढच्या वर्षी किती असतील, ते तुम्ही सांगता का?" तिने टोपण परत पेनावर बसवलं. "ही सही मिळणार नाही."

शेवटी सही कवायतीच्या मास्तरांनी केली. चारशेपट झूम शाळेत आला आणि त्याचा फोटोही निघाला. सरांनी ताईला बजावलं की या उपद्व्यापाला शाळेचा हॉल मिळणार नाही आणि शाळेचं नावही वापरता येणार नाही. ताई म्हणाली, "नको." शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. ती डबा घेऊन मुलांमध्ये बसायची. तिथे गप्पांना कधीच तोटा नव्हता.

काळा ठोकळा सात म्हाताऱ्यांनी आणि ताईने मिळून घेतला. मग दर रविवारी अकरा ते दोन, आईच्या खोलीत काम चालू झालं, कारण तेव्हा खिडकीतून सरळ उजेड येत असे. आईने स्वतः पाठीमागचा पडदा शिवला. पांढरा लावला तर चेहरे काळे पडत. फुलाफुलांचा लावला तर बोटं फुलांत हरवत. शेवटी गडद निळा सुती जमला. पाऊण तासाने बॅटरी मान टाकायची. तेवढ्या वेळात चहा आणि भांडणं व्हायची, कारण एकाच शब्दाच्या मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहात वेगळ्या खुणा होत्या आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटे. ताई दोन्ही घेई. "उद्या नक्की"ला तिने आईचा अंगठा बाहेर आणि आपला आत, असे दोन्ही घेतले.

आठ महिन्यांत चारशे बारा शब्द झाले. मधेच खिळेकाका गेले. त्यांचे एकसष्ट शब्द झाले होते. त्यांच्या सुनेने येऊन ते सगळे एका बैठकीत पाहिले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, सासऱ्यांशी ती कायम चिठ्ठी लिहूनच बोलत आलेली. उठताना तिने ताईला विचारलं, "मला शिकवाल का?" ताईने तिला त्याच खुर्चीत परत बसवलं.

गावभर बोलबाला झाला. शाळेतल्या मुलांचे आईबाप सरांना विचारू लागले, ते जुन्या शब्दांचं चित्रण शाळेत का नाही? शाळेला पाऊणशे वर्षं होत होती. एका सकाळी सर स्वतः आईच्या खोलीवर आले आणि आईच्या शिवणाच्या मशीनजवळच्या स्टुलावर अवघडून बसले. त्यांना ते सगळं समारंभात दाखवायचं होतं, मग वाचनालयात ठेवायचं होतं. फक्त एक विनंती होती.

"'शाळा' हा शब्द तेवढा काढा. ती खूण बरी दिसत नाही. हल्ली आपण शिकवतो ती नवी खूण घाला हवी तर."

जुनी खूण अशी होती की दोन्ही तळवे खाली वळवायचे आणि मांड्यांखाली सरकवायचे.

"आजींना नीट समजावून सांगा," सर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

ताईने सगळं सांगितलं, शब्द न गाळता. आईने काम थांबवलं, मशीनचं चाक हाताने रोखलं आणि खुर्ची सरांकडे वळवली. ती बोलत असताना ताई सावकाश बोलत गेली.

"आई म्हणते, सहा वर्षं मी माझ्या हातांवर बसले. आता उठलेय. तुमच्या समारंभासाठी परत बसणार नाही. चारशे बारा न्या, नाहीतर एकही नेऊ नका."

ताईने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि तोच शब्द लावला. पडद्यावर आईचे हात खाली गेले. खिडकीच्या त्या साध्या उजेडात प्रत्येक शीर दिसत होती, सुईने टोचून टोचून खरबरीत झालेलं बोटाचं टोक दिसत होतं, आणि उजव्या हाताच्या मधल्या पेरावर पांढरी, आडवी रेघ.

सरांनी वाकून पाहिलं. "ही कसली रेघ?"

"पट्टीची," ताई म्हणाली. "धातूची कड होती तिला."

त्यांनी तो शब्द पुन्हा लावायला सांगितला. मग उठले, आईकडे वळून काहीतरी हातांनी सांगायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला. चार दिवसांनी शाळेचं पत्र आलं. सगळे शब्द घेऊ, क्रमही तुमचाच ठेवू, असं त्यात लिहिलं होतं. माफीबिफी नव्हती. ताईने ती मागितलीही नव्हती.

तिने पत्र आईला वाचून दाखवलं. आईला फार काही वाटलेलं दिसलं नाही. तिने मशीनवर झाकण ठेवलं, निळा पडदा खिळ्यांना अडकवला आणि खिडकी पूर्ण उघडली.

"आज रविवार नाही," ताई म्हणाली.

"अकरा शब्द राहिलेत. रात्री आठवले." आई खुर्चीत ताठ बसली आणि बाह्या वर केल्या. "सगळ्या शिव्या आहेत. पत्राला उत्तर देशील त्यात त्यांना सांग, आता चारशे तेवीस."

ताईने कॅमेरा स्टँडवर चढवला, काच फडक्याने पुसली आणि लाल दिवा लागायची वाट पाहू लागली.